चिनी नववर्षाचं आमंत्रण आलंय? आधी गोष्टी ऐका, नियम आपोआप लक्षात राहतील

शांघाय असो, शेन्झेन असो की सिंगापूर, नोकरी-शिक्षणासाठी तिकडे गेलेल्या मराठी माणसाला जानेवारी-फेब्रुवारीत कधीतरी एखादा चिनी सहकारी सहज विचारतो, "सणाला घरी येतोस का?" आपण हो म्हणून बसतो आणि रात्री मोबाइलवर ‘काय करू नये’ शोधायला लागतो. चाळीस-चाळीस कलमांच्या याद्या सापडतात. झाडू नका, कात्री धरू नका, घड्याळ देऊ नका, मासा उलटू नका. वाचून माणूस घाबरतो आणि सकाळपर्यंत निम्मं विसरतो.

याद्या पाठ करू नका. यातल्या बहुतेक नियमांमागे एक तर लोककथा असते, नाहीतर दोन शब्दांच्या उच्चारातलं साम्य. ते कळलं की काय करायचं ते आपोआप सुचतं, आणि यजमानांच्या आजीशी बोलायला विषयही मिळतो. खाली आमंत्रणापासून दिव्यांच्या रात्रीपर्यंत क्रमाने सांगतो. चीन अवाढव्य आहे, त्यामुळे उत्तरेत एक आणि दक्षिणेत भलतंच, असं पावलोपावली येईल. अडलात की "तुमच्याकडे कसं करतात?" असं सरळ विचारा. हा प्रश्न तिथे कुणाला खटकत नाही, उलट आवडतो.

1. तारीख नक्की करा, आणि आमंत्रण कोणत्या दिवसाचं तेही

चिनी पंचांग आपल्यासारखंच चांद्र-सौर आहे. महिना अमावस्येपासून धरतात आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून अधूनमधून अधिक महिना घालतात. नववर्ष 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारी यांच्या दरम्यान कधीतरी येतं. आपल्या हिशेबाने बहुतेक वर्षी माघ शुद्ध प्रतिपदा किंवा तिच्या आदला दिवस. मात्र अधिक महिना कधी घालायचा याचं दोघांचं गणित वेगळं. 2025 मध्ये त्यांचा सहावा महिना दोनदा आला, आपला अधिक ज्येष्ठ 2026 मध्ये. म्हणून 2026 चं चिनी नववर्ष 17 फेब्रुवारीला, थेट आपल्या माघ अमावस्येला. 2027 चं 6 फेब्रुवारीला, म्हणजे पौष अमावस्येला. याच फरकामुळे 6 ऑक्टोबर 2025 ला त्यांचा चंद्रोत्सव आणि आपली कोजागरी एकाच रात्री आली होती. एरवी त्यांचा सण भाद्रपद पौर्णिमेच्या आसपास पडतो.

सगळ्यात महत्त्वाची असते ती आदली रात्र, ‘छूशी’. त्या रात्रीचं जेवण कुटुंबाचं. बाहेरच्याला सहसा दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून बोलावतात. तेव्हा आमंत्रण छूशीचं असेल तर तुम्हाला घरचं मानलंय असं समजा आणि वेळेवर पोचा. रेल्वेची तिकिटं 15 दिवस आधी विक्रीला येतात आणि बघता बघता संपतात. या 40 दिवसांच्या प्रवासाच्या गर्दीला ‘छुनयुन’ असं स्वतंत्र नावच आहे.

2. पाकीट आणि भेटवस्तू: इथे मराठी सवय आड येते

आपण आहेराला 101, 501 देतो. वरचा एक रुपया शुभ. तिकडे नेमकं उलटं. शुभप्रसंगी सम आकडा, आणि विषम रक्कम दुखवट्याची. हाँगकाँगमध्ये तर अंत्यविधीच्या पाकिटात 101 डॉलर घालायचीच पद्धत आहे, वरचं एक नाणं मुद्दाम. म्हणजे आपण कौतुकाने पोराच्या हातात 101 ठेवायचे आणि आजीच्या चेहऱ्यावरचा रंग उडायचा. पांढरं पाकीटही तसंच, ते शोकाचं. लाल पाकीट घ्या (मँडरिनमध्ये होंगबाओ, कँटनीजमध्ये लायसी), आत कोऱ्या नोटा, रक्कम सम. सम असला तरी चारचा आकडा नको, कारण ‘चार’ आणि ‘मृत्यू’ यांचा उच्चार जवळजवळ सारखा. आठ आणि सहा उत्तम. 250 सुद्धा टाळा, कारण चिनी बोलीत ‘अडीचशे’ म्हणजे बावळट.

कुणी कुणाला द्यायचं? लग्न झालेल्यांनी लहानांना आणि अविवाहितांना. तुम्ही अविवाहित असाल तर तुमचीच चांदी आहे. ग्वांगडोंगमध्ये रक्कम अगदी छोटी असते, 5-10 युआन, पण ती वॉचमनपासून ऑफिसातल्या पोरांपर्यंत सगळ्यांना वाटतात. इतर काही भागांत नातवंडांना शेकड्यांनी मिळतात. पाकीट देताना-घेताना दोन्ही हात लावायचे आणि देणाऱ्यासमोर उघडायचं नाही.

भेटवस्तूंत घड्याळ नको: ‘घड्याळ देणे’ आणि ‘मरणाऱ्याला शेवटचा निरोप देणे’ कानाला एकच लागतं. छत्री आणि नासपती नको, दोन्हींच्या उच्चारात ताटातूट ऐकू येते. संत्री न्या, जोडीने. सिंगापूर-मलेशियात तर दारातच दोन संत्री दोन्ही हातांनी द्यायची, निघताना यजमान तुम्हाला दुसरी दोन परत देतात. आपली मिठाई न्यायला हरकत नाही, पण ती तिकडे फार गोड वाटते. मला विचाराल तर काजू-बदामांचा लाल डबा बरा. त्या दिवसांत घरोघरी बिया आणि सुकामेवा फोडत गप्पा चालू असतात, तिथे तो लगेच खपतो.

3. आधीच्या आठवड्यात पोचलात तर: चुलीचा देव आणि साफसफाई

सणाची सुरुवात खरी होते ती बाराव्या महिन्याच्या तेविसाव्या दिवशी (दक्षिणेत चोविसाव्या). त्या दिवशी चुलीचा देव, झाओ जुन, स्वर्गात जाऊन तिथल्या राजाला, जेड सम्राटाला, घरातल्या वर्षभराच्या वागणुकीचा अहवाल देतो. चुलीपाशी त्याचं कागदी चित्र असतं. त्याच्या तोंडाला माल्टोजची चिकट मिठाई फासतात, म्हणजे तो गोड बोलेल, निदान दात चिकटून गप्प तरी बसेल. मग चित्र जाळून त्याला रवाना करतात. त्याच्या घोड्यासाठी चारा-पाणीसुद्धा ठेवतात. चित्राच्या दोन बाजूंना लिहिलेलं असतं: वर जाऊन चांगलं सांग, खाली येऊन घर सुखरूप ठेव. इतकी मोकळीढाकळी लाच मला दुसऱ्या कुठल्या पूजेत माहीत नाही.

हा देव मूळचा कोण? एक कथा सांगते की तो झांग नावाचा पुरुष होता. त्याने गुणी बायकोला टाकून दिलं, मग पैसा गेला, दृष्टी गेली, आणि भीक मागत तो एका दारात आला. बाईने त्याला पोटभर जेवू घातलं. ही तीच बायको, हे कळल्यावर तो शरमेने पेटत्या चुलीत शिरला. देवपण मिळालं ते त्यानंतर. स्वयंपाकघरात कुणी ही गोष्ट सांगू लागलं तर ऐका. दर प्रांतात तिचा शेवट थोडा वेगळा असतो.

दुसऱ्या दिवसापासून झाडलोट. इथे मदत करा, मनापासून करा, कारण पुढे चार दिवस केरसुणीला हात लावायला मिळणार नाही. ‘धूळ’ आणि ‘जुनं’ हे चिनीत एकाच उच्चाराचे शब्द, त्यामुळे धूळ काढली की जुनं वर्षही गेलं.

4. दार सजवताना

दाराच्या दोन फळ्यांवर चिलखत घातलेले दोन वीर दिसतील. जुन्या कथेत हे शेनतू आणि युलेई, दोघे भाऊ. समुद्रातल्या एका डोंगरावर प्रचंड मोठं पीचचं झाड होतं, त्याखाली उभे राहून ते भुतांची तपासणी करत. दुष्ट भूत सापडलं की लव्हाळ्याच्या दोरीने बांधून वाघाला घालत. म्हणून दारावर पीचच्या लाकडाच्या पाट्या आल्या. पुढे त्यांची जागा थांग राजघराण्याच्या काळातल्या दोन सेनापतींनी घेतली, छिन शुबाओ आणि युछी गोंग. सम्राट थायझोंगला रात्री भुतं छळत, हे दोघे दाराशी पहाऱ्याला उभे राहिले तेव्हा कुठे त्याला झोप लागली. त्यांना रोज जागवायला नको म्हणून सम्राटाने त्यांची चित्रंच काढून लावली. चिकटवायचं काम तुमच्याकडे आलं तर दोघांची तोंडं एकमेकांकडे हवीत. पाठीला पाठ लावलेले द्वारपाल हा तिकडे न पटणाऱ्या माणसांवरच्या म्हणीचा विषय आहे.

बाजूच्या लाल पट्ट्या म्हणजे दोन ओळींचं काव्य. पहिली ओळ कुठली हे चिनी न येणाऱ्याला कळणं कठीण, तेव्हा विचारूनच लावा. पारंपरिक पद्धतीत दाराकडे तोंड केल्यावर पहिली उजवीकडे. वरची आडवी पट्टी आधुनिक रीतीने डावीकडून लिहिली असेल तर पहिली ओळ डावीकडे.

‘फू’ म्हणजे सौभाग्य. हे अक्षर चौकोनी लाल कागदावर अनेकदा उलटं लावलेलं दिसतं, कारण ‘उलटं’ आणि ‘आलं’ एकाच उच्चाराचे. एक गोष्ट मिंग सम्राट झू युआनझांगची आहे. फू लावलेल्या घरांतल्या लोकांना मारायचं त्याने ठरवलं, तेव्हा त्यांना वाचवण्यासाठी सम्राज्ञी मा हिने सगळ्यांनाच घरोघर फू लावायला लावलं. एका निरक्षर घराने ते उलटं लावलं आणि सम्राट भडकला. ती म्हणाली, त्यांना तुम्ही येणार हे ठाऊक होतं, फू आलं असंच ते सांगताहेत. जुन्या वळणाचे लोक मात्र मुख्य दारावर फू सुलटंच लावतात, उलटं फक्त आतल्या कपाटांवर, धान्याच्या डब्यांवर.

आणि एखाद्या घराच्या दारावर लाल काहीच नसेल तर जरा जपून. नुकता मृत्यू झालेल्या घरात लाल लावत नाहीत. शुभेच्छांचा आरडाओरडा तिथे नको.

5. छूशीचं जेवण

दाराकडे तोंड असलेली खुर्ची वडीलधाऱ्यांची. बसवतील तिथे बसा. चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नका, ती मृतापुढच्या उदबत्तीची खूण. पेल्याला पेला लावताना तुमची कड मोठ्यांच्या पेल्याच्या कडेखाली ठेवा. बाइज्यू नावाचं जे पारदर्शक पेय येतं त्यात बहुधा 50 टक्क्यांच्या वर अल्कोहोल असतं, तेव्हा पहिल्याच घोटाला शौर्य नको.

मासा येणारच. ‘मासा’ आणि ‘शिल्लक’ यांचा उच्चार सारखा, म्हणून तो पूर्ण संपवायचा नसतो. थोडा पुढच्या दिवसासाठी, म्हणजे पुढच्या वर्षासाठी ठेवतात. किनाऱ्यावरच्या कोळी घरांत एक बाजू खाऊन झाल्यावर मासा उलटत नाहीत. उलटला तर होडी उलटते. वरचा काटा काढून खालचं मांस घ्या.

उत्तरेत रात्री सगळे मिळून ज्याओझ, म्हणजे सारण भरलेल्या छोट्या करंज्या, लाटतात-भरतात. आकार जुन्या चांदीच्या लगडीसारखा, एखाद्यात नाणं. तेव्हा चावताना सांभाळून. हान काळातला वैद्य झांग झोंगजिंग याने थंडीने फुटलेल्या कानांवर औषध म्हणून कानाच्या आकाराची ही करंजी बनवली, असं सांगतात. गोष्ट छान आहे, पण लोकप्रिय आवृत्तीत सारणात मिरचीही घालतात, आणि मिरची चीनमध्ये पोचली ती सोळाव्या शतकात, या वैद्यानंतर हजाराहून जास्त वर्षांनी. (आपल्याकडेही ती पोर्तुगीजांबरोबरच आली, तेव्हा हसण्यात अर्थ नाही.) दक्षिणेत ज्याओझऐवजी न्यानगाओ, चिकट तांदळाची वडी. सुझोऊचे लोक सांगतात की वू झिशू या मंत्र्याने शहराच्या तटात तांदळाच्या विटा पुरून ठेवल्या होत्या, आणि त्याच्या मृत्यूनंतर वेढ्याच्या उपासमारीत त्या विटांनी लोक जगवले.

शाकाहारी असाल तर आधीच कळवा, टेबलावर बसल्यावर नाही. ‘मांस नको’ म्हटल्याने भागत नाही. चरबी, सुका झिंगा, शिंपल्यांचा सॉस भाजीतही असतो. ‘मी शाकाहारी आहे’ हे चिनीत फोनवर लिहून दाखवा. तुमच्या पथ्यावर पडणारी गोष्ट अशी की वर्षाच्या पहिल्या दिवशी अनेक बौद्ध घरांत शाकाहारच असतो. तोफू, मशरूम, कमळकाकडी असं बरंच काही घालून केलेली अर्हतांच्या नावाची भाजी मागून घ्या. जमलं तर आमंत्रण त्याच दिवसाचं घ्या.

6. जागरण आणि फटाके

रात्रभर जागायचं, म्हणजे आईवडिलांना आयुष्य मिळतं. टीव्हीवर 1983 पासून चालत आलेला सरकारी वाहिनीचा कार्यक्रम लागलेला असतो. तो कुणी मन लावून बघत नाही आणि कुणी बंदही करत नाही.

इथे तुम्हाला ‘न्यान’ राक्षसाची गोष्ट हमखास ऐकवतील: दर वर्षाअखेरीला येणारा, लाल रंग, आग आणि आवाज यांना घाबरणारा. मुलांना सांगायला झकास, पण जुन्या ग्रंथांत ती सापडत नाही. जुनं आहे ते वेगळंच. सहाव्या शतकातल्या एका सण-वर्णनात पहिल्या दिवशी कोंबडा आरवताच अंगणात बांबू जाळून फोडायचा, डोंगरातली भुतं पळवायची, असं लिहिलंय. दारू भरलेला फटाका पुढे आला. त्याचं चिनी नाव मात्र अजून ‘फुटणारा बांबू’ असंच आहे. फटाके लावण्याआधी स्थानिक नियम विचारा. बीजिंगमध्ये 2018 पासून पाचव्या रिंग रोडच्या आत बंदी आली, 2022 पासून ती सगळ्या शहरात झाली, आणि इतर शहरांतही अशी बंदी असू शकते.

होंगबाओची कथाही याच रात्रीची. ‘सुई’ नावाचं भूत झोपलेल्या मुलाच्या डोक्याला हात लावतं आणि मूल भ्रमिष्ट होतं. ज्याशिंग शहरातल्या एका जोडप्याने मुलाच्या उशाशी लाल कागदात आठ नाणी ठेवली. भूत आलं, नाण्यांतून लखकन उजेड झाला, भूत पळालं. नाणी म्हणजे रूप बदललेले आठ अमर सिद्ध होते म्हणे. म्हणून लहान मुलाचं पाकीट त्या रात्री उशीखालीच राहतं.

7. पहिला दिवस: केर काढायचा नाही

‘लक्ष्मी झाडून जाते’ एवढंच कारण सगळे सांगतात. पण यामागची कथा मला सगळ्या सणातली सरस वाटते.

ओऊ मिंग नावाचा व्यापारी फंगझ सरोवरातून जाताना दर वेळी पाण्यात थोडा माल भेट म्हणून सोडायचा. बऱ्याच वर्षांनी सरोवराच्या स्वामीने त्याला बोलावून घेतलं, काय हवं ते माग म्हणाला. ओऊ मिंगला कुणीतरी कानमंत्र दिला होता, त्याने फक्त ‘रूयुआन’ मागितली. ही त्या स्वामीची दासी. नावाचा अर्थ ‘मनासारखं’. ती घरात आल्यापासून जे मागेल ते मिळू लागलं. व्यापारी गब्बर झाला, मग मग्रूर. एका नववर्षाच्या पहाटे कोंबडा आरवला तरी ती उठली नाही, म्हणून तो तिला मारायला धावला. ती पळाली ती आदल्या दिवशी झाडून लावलेल्या केराच्या ढिगात, आणि नाहीशी झाली. तो काठीने ढीग बडवत राहिला, ये बाहेर, पुन्हा नाही मारणार म्हणत. ती परत आली नाही.

आता सांगा, त्या दिवशी केर कोण फेकेल? तुमच्या हातून सालं-टरफलं सांडली तर कोपऱ्यात सारून ठेवा. त्या दिवशी कुणाला मोठ्याने उठवत नाहीत, आणि काही फुटलं तर लगेच "सुई सुई फिंग आन" म्हणतात: ‘तुकडे’ आणि ‘वर्षं’ एकाच उच्चाराचे, म्हणजे वर्षानुवर्षं सुखरूप राहा.

8. दुसऱ्या ते सातव्या दिवसापर्यंत

दुसऱ्या दिवशी (काही ठिकाणी तिसऱ्या) लेकी माहेरी येतात, जावयासकट. त्या दिवशी यजमानीणबाई घरात नसतील, आमंत्रण ठरवताना हे विचारून घ्या. तिसऱ्या दिवशी भांडणं होतात अशी समजूत, त्यामुळे काही भागांत कुणाकडे जात नाहीत.

या पहिल्या महिन्यातल्या एका रात्री (दिवस प्रांताप्रमाणे बदलतो) उंदरांचं लग्न असतं. घरचे लवकर दिवे मालवून झोपतात, कोपऱ्यात थोडं धान्य ठेवतात. वरातीत विघ्न आणलं तर उंदीर वर्षभर सूड घेतात. उंदीर आईबाप मुलीसाठी सगळ्यांत बलवान वर शोधतात: सूर्य, मग त्याला झाकणारा ढग, त्याला उडवणारा वारा, वाऱ्याला अडवणारी भिंत, भिंतीला पोखरणारा उंदीर. ओळखीचं वाटलं ना? पंचतंत्रातली उंदराची मुलगी हीच, तिथे भिंतीऐवजी डोंगर आहे. काही चिनी आवृत्त्या मात्र पुढे जातात: उंदीर भितो तो कुणाला? मांजराला. मग मुलगी मांजराला दिली, आणि वरपक्षाने नवरीला त्याच रात्री संपवलं. सणाच्या रंगीत ठशांच्या चित्रांत ही वरात हमखास असते. स्वस्तातली, हलकी आणि सोबत नेण्याजोगी आठवण हवी असेल तर तेच चित्र घ्या.

पाचव्या दिवशी साचलेला केर एकदाचा बाहेर जातो आणि त्याबरोबर दारिद्र्यही. दुकानं पुन्हा उघडतात, धनदेवाचं स्वागत होतं. धनदेव एक नाही. काळ्या वाघावरचा झाओ गोंगमिंग आहे, आणि लाल चेहऱ्याचा योद्धा ग्वान गोंगही. ग्वान गोंगला भेटायला चीनपर्यंत जायला नको: मुंबईत माझगावला 1919 पासूनचं सी यूप कून हे चिनी मंदिर त्याचंच आहे, आणि नववर्षाला ते गजबजतं. तिथे गेलात तर उदबत्ती लावा, पण फोटोआधी विचारा.

सातवा दिवस सगळ्या माणसांचा वाढदिवस. न्यूवा देवीने पहिल्या दिवशी कोंबडी घडवली, मग कुत्रा, डुक्कर, मेंढी, बैल, घोडा, आणि सातव्या दिवशी माणूस. सिंगापूर-मलेशियात या दिवशी कच्च्या माशाचं रंगीत सॅलड सगळे मिळून चॉपस्टिकने उंच उधळतात. कपडे साधे घाला.

9. पंधरावा दिवस: दिवे

पौर्णिमा. कंदील, त्यांना लटकवलेली कोडी, आणि तांदळाचे गोळे. कथा अशी की जेड सम्राटाचा लाडका पक्षी गावकऱ्यांनी मारला, तेव्हा पौर्णिमेला गाव जाळायचं त्याने ठरवलं. बातमी फुटली आणि लोकांनीच गावभर लाल कंदील आणि शेकोट्या पेटवल्या. वरून पाहणाऱ्या सैन्याला वाटलं, जळतंयच की, आणि ते परत गेलं.

कोडी चिनी अक्षरांवर असतात, ती सुटणार नाहीत. शेजारच्या मुलाला विचारा. गोळे मात्र नीट समजून घ्या. दक्षिणेत थांगयुआन, हाताने वळून भरलेले. उत्तरेत युआनश्याओ, सारणाचे तुकडे ओले करून पिठाच्या चाळणीत घोळवून घोळवून फुगवलेले. आत बहुधा काळ्या तिळाचं सारण, साखर-चरबीसकट वितळलेलं. शाकाहारी असाल तर चरबी डुकराची आहे का ते विचारा. बाहेरून कोमट लागतो आणि आतलं सारण उकळतं असतं, तेव्हा चमच्यात घेऊन आधी छोटा चावा, मग फुंकर, मग उरलेला. वाटीतलं गरम पाणीही प्यायचं. पहिल्या खेपेला चार-सहापेक्षा जास्त घेऊ नका, चिकट तांदूळ रात्री पोटात दगडासारखा बसतो.